डब्यातलं शिसं कायद्याने काढलं, भिंतीवरचं कोण काढणार?

गणपती महिना-दीड महिन्यावर आले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांत एक आवाज हमखास ऐकू येतो. लोखंडी पट्टीने भिंत खरवडल्याचा. खाली गोव्यात चवथीच्या आधी हेच चाललेलं असतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे हेच काम दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतं. मराठी माणूस कुठल्याही राज्यात राहायला गेला तरी सणाआधी घराला रंग काढायची सवय त्याच्याबरोबर गेली आहे.

परवा आमच्या गल्लीत एका जुन्या घरी काम सुरू होतं. माजघराच्या भिंतीला कमरेइतका हिरवा ऑइल पेंट, वर डिस्टेंपर. दोघे पेंटर तोंडाला रुमाल बांधून कोरड्या पॉलिश पेपरने हिरवा पट्टा घासत होते. गरम होतंय म्हणून पंखा चालू. पिठाच्या गिरणीत असावी तशी धूळ सोप्यापर्यंत आलेली, आणि सोप्यात आजी दीड-दोन वर्षांच्या नातवाला घेऊन बसलेल्या. पोराने खाली पडलेला एक पोपडा उचलून तोंडात घातला. आजींनी "थू कर रे" म्हणून तो काढला, पदराने तोंड पुसलं, आणि विषय संपला. त्यांची काहीच चूक नाही. त्या पोपड्यात काय असू शकतं हे त्यांना सांगितलंय कुणी?

त्यात शिसं असू शकतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये ते दोन कामांसाठी घालत. रंग लवकर वाळावा म्हणून, आणि पिवळा, केशरी, लाल, हिरवा या छटा भडक आणि टिकाऊ याव्यात म्हणून. त्याही आधीच्या काळात पेंटर अळशीच्या तेलात सफेदा कालवून रंग करत. तो सफेदा म्हणजे बहुतेकदा शिशाचाच क्षार. लोखंडी ग्रीलला पहिला हात म्हणून लावायचा शेंदरी रंगही शिशाचा असे. चुना, डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट अशा पाण्यात कालवायच्या रंगांत शिसं सहसा नसतं किंवा अगदी कमी असतं. म्हणजे सगळ्या भिंतींना घाबरायचं कारण नाही. संशय धरायचा तो कमरेपर्यंतच्या चकचकीत पट्ट्यावर, दारं-खिडक्यांवर, ग्रीलवर आणि जिन्याच्या कठड्यावर. अडचण अशी की रांगणारी पोरं हात लावतात आणि दात लावतात त्या जागाही याच.

आता कायद्याकडे येऊ. केंद्राने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाविषयी नियम काढले, ते वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त शिसं नको. डब्यावर तसं छापायचं. नियम चांगला आहे. मोठ्या कंपन्यांपैकी काहींनी तर त्याआधीच शिसं काढलं होतं. लहान उत्पादकांच्या काही ऑइल पेंटांत मात्र नियमानंतरही जास्त शिसं निघाल्याचं दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या चाचण्यांत दिसलं. म्हणून आजही स्वस्त ऑइल पेंट घेताना डब्यावर शिशाविषयीची ओळ आहे का ते वाचून घ्यावं.

पण हा नियम डब्यापुरता आहे. २०१७ च्या आधी जो रंग डब्यातून भिंतीवर गेला, त्याच्याविषयी तो काही बोलत नाही. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. म्हणून तिथे 'जुनं घर' म्हणजे जवळपास पन्नास वर्षांपूर्वीचं. आपल्याकडे ही रेघ २०१७ ची आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने रंगवलेला फ्लॅटही या हिशेबात जुनाच धरावा लागतो. अमेरिकेत २०१० पासून अशा जुन्या घरात रंग खरवडणाऱ्या ठेकेदाराला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे पट्टी, पॉलिश पेपर आणि दोन माणसं एवढ्यावर काम सुरू होतं. कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात, मध्य प्रदेशात, सगळीकडे सारखंच. एवढ्या एका बाबतीत मात्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे काही फरक नाही म्हणायचा. दुकानाच्या पाटीवर कोणत्या भाषेचा रंग किती टक्के, यावर आपल्या भागात मोर्चे निघाले, पाट्या फुटल्या, कायदा बदलला. भिंतीवरच्या रंगावर ना इकडच्या सभागृहात प्रश्न, ना तिकडच्या.

हे एवढं गंभीर का, ते एका साध्या हिशेबाने बघा. ऑइल पेंटमध्ये एक टक्का शिसं धरलं (जुन्या भडक रंगांत याहूनही जास्त असू शकतं), तर एक ग्रॅमच्या पोपड्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम शिसं झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलाच्या आहारातल्या शिशासाठी जी संदर्भ पातळी धरली आहे ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही हे खरं, पण मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मूल शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, शाळेत लक्ष न लागणं, असं काहीबाही दिसतं किंवा काहीच दिसत नाही. आणि ते हाडांत साठतं. बाईला दिवस गेले की हाडांतून पुन्हा रक्तात येतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. शिशाची 'एवढी चालते' अशी सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

१९९९ मध्ये जॉर्ज फाउंडेशनने बंगळूर, मुंबई, हैदराबादसह काही मोठ्या शहरांत मुलांचं रक्त तपासलं. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. तेव्हा सगळ्यांचं बोट पेट्रोलकडे गेलं, आणि ते बरोबरही होतं. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. पण २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी अंदाज मांडला तो असा, की भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं. यात रंगाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. बॅटऱ्या तोडणं, भेसळीची हळद, काही भांडी अशी कारणं अनेक आहेत. पण बॅटरीच्या भट्टीवर किंवा हळदीच्या भेसळीवर घरबसल्या आपला हात पोचत नाही. रंगाचं काम आपल्याच घरात, आपल्या पैशाने आणि आपल्या देखत होतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट पेंटरला सांगायला जड जाईल, पण सांगा: जो रंग घट्ट बसलाय तो काढूच नका. भिंतीवर घट्ट असलेला शिशाचा रंग धूळ होत नाही तोवर फारसा त्रास देत नाही. पाणी मारून वॉटर पेपरचा हलका हात फिरवायचा, चकाकी मोडली की पुसून प्रायमर, आणि वर नवा रंग. "मूळापासून काढल्याशिवाय काम पक्कं होत नाही साहेब," असं ऐकायला मिळेल. पोपडे सुटले असतील तिथे ते खरं आहे, बाकी भिंतीला नाही.

सुटलेला रंग काढायचाच तर ओला करून काढायचा. सगळी मेख यातच आहे. झाडांवर मारायच्या छोट्या फवाऱ्याने पाणी मारा, थोडं थांबा, ओल्यावरच पट्टी चालवा, वाळलं की पुन्हा फवारा. कडा वॉटर पेपरनेच घासा. बादलीने पाणी ओतू नका, मातीच्या आणि चुन्याच्या जुन्या भिंतींना ते सोसत नाही. आणि त्या खोलीचा मेन स्विच आधी बंद करा, ओल्या भिंतीत बोर्ड असतात. कोरडं मशीन-सँडर घरात आणूच देऊ नका, ते पाच मिनिटांत अख्ख्या घरात धूळ पोचवतं. दारं-खिडक्यांवर ब्लो लॅम्पची ज्योत मारून रंग जाळायची पद्धत अजून काही जुने कारागीर वापरतात. तिने शिशाची वाफ होते, आणि ती रुमालाने काय, साध्या मास्कनेही अडत नाही. डब्यातलं पेंट रिमूव्हर घ्यायचं तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा. मिथिलीन क्लोराइड असलेलं रिमूव्हर बंद खोलीत वापरून जगात माणसं दगावली आहेत.

काम सुरू व्हायच्या आधी खोली रिकामी करा, जाणार नाही ते सामान झाका, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या कडा भिंतीला चिकटवा. पंखा बंद, घराच्या आत उघडणारं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत माहेरी, मावशीकडे, कुठेही पाठवा, पण त्या घरात नकोत. संध्याकाळी कोरडा झाडू मारायचा नाही. आपल्या बायकांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण धूळ दिसली की हात झाडूकडेच जातो. फवारा मारून प्लास्टिक आतल्या आत गुंडाळायचं, मग साबणाच्या पाण्याने फरशी पुसायची, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसायची. फडकं टाकून द्यायचं.

एका गोष्टीकडे जुन्या घरात राहणाऱ्यांनी वेगळं लक्ष द्यावं. रंग दरवर्षी त्याच जागी सुटत असेल तर दोष रंगाचा नाही, ओलीचा आहे. कौलातून पाणी झिरपतं किंवा जोत्यातून ओल चढते, लोणा येतो. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, म्हणून पोपडे येतात. मग दर चतुर्थीला खरवडा, दर चतुर्थीला धूळ. आधी कौल आणि जोतं बघा, आणि त्या भिंतीला पुन्हा चुनाच द्या.

निघालेल्या कचऱ्याचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकून दिलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले. खरवडलेला रंग त्यापेक्षा निरुपद्रवी नक्कीच नाही. जाड पिशवीत बांधून, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या. घंटागाडीवाला ते कुठे टाकतो हा प्रश्न उरतोच, आणि तो पालिकेला विचारायचा प्रश्न आहे. परसात, अळूच्या वाफ्यात ते पाणी ओतू नका. जुन्या रंगवलेल्या चौकटीचं लाकूड बंबात जाळू नका. शिसं जळत नाही, थोडं धुरात जातं आणि उरलेलं राखेत राहतं. त्याच राखेने आपल्याकडे भांडी घासतात.

आता पेंटरकडे बघू, कारण घरमालकाच्या घरी ही धूळ चार दिवस असते आणि त्याच्या अंगावर वर्षभर. बेळगाव भागातली कितीतरी मुलं या कामासाठी गोव्यात उतरतात. हाताला धूळ, त्याच हाताने तळव्यावर तंबाखू-चुना मळायचा आणि ओठाखाली ठेवायचा. शिसं पोटात घालायचा याहून सरळ रस्ता नाही. तेच कपडे घालून घरी जायचं आणि पोराला उचलून घ्यायचं. शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्याने कळवण्याजोग्या रोगांत घातली, पण घर हा कारखाना नाही, त्यामुळे पेंटरचं रक्त तपासायची जबाबदारी कुणावरच नाही. वर्षात ९० दिवस काम केलेला पेंटर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतो. मंडळांनी भांडी आणि पेट्या वाटण्याबरोबर वर्षातून एकदा शिशाची रक्ततपासणी करायला काय हरकत आहे? तोवर तुमच्या घरी काम असेल तर एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, हात-तोंड धुवायला साबण ठेवा, आणि चहा त्या खोलीच्या बाहेर द्या. ओल्याने काम करायला वेळ जास्त लागतो. खोलीमागे अर्धा दिवस जास्तीची मजुरी आधीच कबूल करा. चौरस फुटाचा दर घासाघीस करून पाडला की पेंटर कोरडंच घासणार.

हीच गोष्ट सरकारी कामात मोठ्या प्रमाणावर होते. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरसूचीत जुना रंग काढायची बाब आहे ती 'खरवडणे आणि पॉलिश पेपरने घासणे' अशी, आणि ठेकेदार पैसे मिळतात तेवढंच करतो. आपल्या गावोगावच्या जुन्या मराठी शाळांत वर्गाला कमरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असतोच. शाळा सुरू असताना एका वर्गात घासकाम आणि शेजारच्या वर्गात पाढे, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शाळा सुधारणा समितीत, कर्नाटकात एसडीएमसीत, जे पालक बसतात त्यांनी निविदा निघायच्या आधी तीन अटी मागाव्यात: काम मे महिन्याच्या सुट्टीत, ओल्या पद्धतीने, आणि शाळा उघडायच्या आधी दोनदा पुसून. ठेका एकदा दिला गेला की ठेकेदार यातलं काही ऐकणार नाही.

आमच्या गल्लीतल्या त्या नातवाला बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासून घ्या, असं त्याच्या वडिलांना सांगितलं. मोठ्या खासगी प्रयोगशाळा ही तपासणी करतात, आणि ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. ते तयार झाले. पेंटर मंडळींनीही दुसऱ्या दिवशी फवारा आणला. पंखा मात्र त्यांनी दुपारी पुन्हा लावला होता.