रविवारची न्याहारी

शनिवार-रविवार जोडून महाबळेश्वर, पाचगणीकडे धावणाऱ्या सुखवस्तू मंडळींना हल्ली मोठ्या हॉटेलापेक्षा गावातली 'घरगुती' न्याहारी अधिक प्रिय झाली आहे. आवड वाईट नव्हे. गिऱ्हाइकाचा पैसा निदान गावच्या वाण्याकडे, दूधवाल्याकडे फिरतो. गेल्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका गावी, चार बाकांच्या अशाच जागेत, मीही पोहे खाल्ले. पोहे उत्तम होते. वाढणारे गृहस्थ पन्नाशीचे. "मामा, तुमची सुटी केव्हा?" असे मी विचारले. "रविवारीच तर गर्दी, साहेब. सुटी कसली?"

ज्या रविवारी आपण सहलीस निघतो, तो मालकांनी खुशीने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कोठे १८९० च्या जूनमध्ये तो श्रमिकांच्या पदरात पडला. पुढे १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने लहान उपाहारगृहातील नोकरासही साप्ताहिक सुटी दिली. २०१७ च्या कायद्याने मात्र दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना या संरक्षणातून वगळल्या. म्हणजे आपल्याला आपुलकीची वाटणारी नेमकी तीच जागा! चुलीपुढे राबणाऱ्या घरच्या बाईची तर नोकरांतही गणना नाही.

सोमवारी या गावांतली गर्दी ओसरते. त्या दिवसापासून पाळीपाळीने पगारी सुटी देणे कोणत्याही मालकास जड जाऊ नये. सहलीच्या गावांतील आपल्या शाखांनी प्रथम अशा कामगारांची नोंद करावी आणि ही मागणी हाती घ्यावी.