फावल्या वेळचा उद्योग : मेजावरचे स्टेशन

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना छोट्या आगगाडीचे कौतुक जुने आहे. जयविलास राजवाड्यात पंक्तीला पदार्थ फिरविणारी शिंदे सरकारांची चांदीची गाडी आपण पाहुण्यांना हौसेने दाखवितो. ग्वाल्हेर-श्योपूरची सुमारे दोनशे किलोमीटरांची छोटी गाडी मात्र २०२० साली थांबली. तेव्हा त्या मार्गावरील एखादे लहानसे स्टेशन तरी मेजावर उभे करावे, असे आम्ही ठरविले.

प्रमाण घेतले १:८७. या हिशेबाने माणूस १९ मिलिमीटरांचा आणि सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिलिमीटरांचा होतो. रुळांतील ६१० मिलिमीटर अंतर सातवर येते. बाजारात सहज मिळणारा रूळ नऊचा. ते दोन मिलिमीटर आम्ही गिळले.

भिंती एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या. दारे-खिडक्या आधी कापाव्यात, मग कडा. कोपरे गुण्याला लावून पांढऱ्या फेव्हिकॉलने जोडावेत आणि रात्रभर हलवू नयेत. आतून काळा रंग अवश्य द्यावा, नाहीतर दिवा लावताच भिंतीच उजळतात. छतासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसविल्या. आपल्याकडच्या दगडी पटियांचे छत त्यातून बरे साधते. ते चिकटवू मात्र नये, दिवा बदलावा लागतो.

खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावताना घाई नडली. क्षणात चिकटणारा गोंद वापरला. त्याच्या वाफेने तिन्ही तावदानांवर पांढरी साय धरली. दोन बदलली.

रंगाच्या वेळी घरात वाद झाला. एकाला भिंती पिवळ्या आठवत, दुसऱ्याला गेरूच्या. जुने छायाचित्र सापडले, पण तेही कृष्णधवल! त्यात खालचा हातभर पट्टा गडद दिसत होता, तेवढ्यावर तह झाला : वर पिवळा, खाली गेरू. डब्यातला रंग जसाच्या तसा लावू नये, त्यात थोडा पांढरा मिसळावा. लांबून पाहिलेली भिंत फिकटच दिसते, आणि मेजावरची इमारत आपण जणू शंभर पावलांवरून पाहत असतो. दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात दिला की कोरलेल्या रेघा बुजतात.

एवढे झाल्यावर स्टेशन सुबक दिसले, पण खेळण्यासारखे. तेथून गाडी कधी गेलीच नसावी! मग पाण्यात काळा-तपकिरी रंग अगदी पातळ करून भिंतींवर सोडला आणि फडक्याने वरून खाली टिपला. पावसाचे ओघळ खालीच येतात, आडवे पुसले की सगळे खोटे ठरते. रुळांकडच्या बाजूला, छताच्या कडेखाली, कोळशाची थोडी पूड बोटाने चोळली. वाफेच्या इंजिनाचा प्रवास आठवणारे घरातील वडीलधारे तेव्हा प्रथम खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी तिकिटाच्या खिडकीखालचा रंग खरवडायला सांगितला. तेथे लोकांचे हात आणि गाठोडी घासत असत.

तिसरे तावदान तसेच आहे. ते गोदामाचे आहे, आणि गोदामाची काच कोणी पुसल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.