मास्तर, पोराला आधी जवळ घ्या!

पोर शाळेत का टिकत नाही, असा प्रश्न निघाला की शहाणी मंडळी लागलीच त्याच्या आईबापाकडे बोट दाखवितात. बाप अडाणी, आई मजुरीला, घरी अभ्यास कोण घेणार! झाला निकाल. परंतु ज्या वर्गात पोर रोज बसते तेथे त्याला कोणी आपले म्हणते काय, हे कोणीच विचारीत नाही. आज आम्ही तेच विचारणार.

सन 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन केले. प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातून तयार करावे; ते मुलांत मोकळेपणी मिसळतील, त्यांची गरज ओळखतील; सोवळ्यामुळे दूर राहणाऱ्या ब्राह्मण पंतोजीस हे साधणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकहो, नीट ध्यानी घ्या. जोतीरावांनी केवळ नोकऱ्या मागितल्या नाहीत. मुलांत मिसळणारा माणूस मागितला.

आज बहुजन समाजाची मुले हजारोंनी मास्तर झाली. आनंद आहे! परंतु खुर्चीवर बसताच पंतोजीचे सोवळे आपल्याही अंगावर चढले, त्याचे काय? पोर ‘पानी’ म्हणाले, ‘व्हतं’ म्हणाले, की भर वर्गात त्याची नक्कल! अहो, ती त्याच्या आईची बोली. तुमच्या आईची तरी कोणती होती? आईची बोली हिणवली की पोर तोंड मिटते, मागे सरकते, आणि एक दिवस शाळेला येतच नाही. वर शेरा आमचाच: ‘ढ’!

छडीचे भक्त छाती काढून सांगतात, “आम्ही मार खाऊनच शिकलो.” ठीक. पण तुमच्या शेजारी बसून मार खाल्लेले आणि शाळा सोडून गुरांमागे गेलेले सोबती कोठे आहेत? ते व्याख्यान द्यावयास येत नाहीत, म्हणून छडीचा हिशेब नेहमी नफ्याचाच दिसतो. सन 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने अंगावरचा मार आणि मनाचा छळ दोन्ही मना केले आहेत. तेव्हा हात आवरला म्हणजे भागले असे नाही. जीभही आवरली पाहिजे.

माया म्हणजे लाडीगोडी नव्हे. भाऊराव पाटलांनी सन 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून नाना जातींची पोरे एका पंगतीस बसविली. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या घरात शिस्त कडक होती, कष्टही होते. पण आपण उपाशी निजलो तर कोणी तरी विचारील, हा भरवसा पोराला होता. त्या भरवशावर शिस्त गोड लागते. भरवसा नसेल तर तीच शिस्त जाच होते.

सरकारासही दोन शब्द. मास्तरास कागद, फोटो आणि माहितीचे तक्ते भरण्यास जुंपून मुलांवर माया करा म्हणणे ही थट्टा आहे. जोतीरावांनी त्याच निवेदनात मास्तरास निदान 12 रुपये दरमहा मागितला होता. उपाशी मास्तर पोराची भूक ओळखणार नाही, एवढे ते जाणून होते.

मास्तर, तुम्ही आमचेच आहा, म्हणूनच हे खडे बोल. पोर दोन दिवस आले नाही तर हजेरीत फुली मारून थांबू नका. त्याच्या दारी जा. आणि आईबापांनो, पोर घरी आले की गुण मागाहून विचारा. आधी एवढेच विचारा: मास्तर तुला नावाने हाक मारतात का रे?