तिच्यामागे कोण आहे?

"आई, झोपणार नसशील तरच चल," अशी तंबी देऊन माझ्या लेकाने मला २०१९च्या मे महिन्यात 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' बघायला नेलं. तेव्हा तो आठवीत होता. आमच्या गावात तो सिनेमा लागलेला नव्हता, म्हणून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तीन तासांचा सिनेमा, हिंदीत डब केलेला. वाटेत त्याने मला शिकवणीच दिली. २००८च्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मोठ्या कथेचा हा समारोप, एकूण २२वा सिनेमा. मी त्यातले जेमतेम चार पाहिलेले, तेही पोळ्या लाटता लाटता.

पण खरं सांगते मैत्रिणींनो, झोप मुळी आलीच नाही. आधीच्या भागात थॅनोस नावाचा खलनायक एका चुटकीसरशी विश्वातले निम्मे जीव नाहीसे करतो. 'एंडगेम' म्हणजे मागे उरलेल्यांची गोष्ट. कुणी दारू जवळ करतो, कुणी सूडाने पेटतो, तर कुणी तळ्याकाठी घर बांधून बायको-लेकीत रमतो. थॉर काळाच्या मागे जातो आणि त्याला त्याची गेलेली आई भेटते. ती एका नजरेत ओळखते, की हा माझा आजचा मुलगा नाही, हा पुढून आलेला आहे आणि फार सोसून आलेला आहे. तिथे मी पदर डोळ्यांना लावला. लेकाने न बघितल्यासारखं केलं.

आता तो पुण्याला हॉस्टेलवर असतो. परवा सुट्टीत आला, तेव्हा घरच्या टीव्हीवर आम्ही तोच सिनेमा पुन्हा लावला. या वेळी मात्र मला एक गोष्ट टोचायला लागली, ती अजून टोचतेच आहे.

नताशा रोमानॉफ, म्हणजे 'ब्लॅक विडो'. २०१०च्या 'आयर्न मॅन २'पासून ती या मालिकेत आहे. सगळे पुरुष वीर कोलमडतात, त्या पाच वर्षांत ऑफिस चालवते ती. एकटी टेबलाशी बसून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारते, कोण कुठे आहे याचा हिशेब ठेवते. जेवण म्हणजे एक सँडविच. आपल्यापैकी कितीजणींना ते टेबल ओळखीचं वाटेल! घरात मोठं दुःख झालं तरी गॅस सिलिंडरचा नंबर लावायचं जिच्या लक्षात असतं, ती हीच.

पुढे एक मणी मिळवण्यासाठी कुणीतरी जीव द्यायचा असतो. क्लिंट आणि नताशा, दोघेही 'मी जातो', 'मी जाते' म्हणून झटापट करतात. क्लिंटला बायको आहे, तीन मुलं आहेत. नताशाला कुणी नाही. तिला मूल होऊ नये अशी शस्त्रक्रिया लहानपणीच्या प्रशिक्षणात केली गेली, हे २०१५च्या सिनेमात तिनेच सांगितलेलं असतं. कडा कोसळावा तशी ती खाली जाते. नंतर पाच पुरुष तळ्याकाठी उभे राहतात. तिचं कुटुंब होतं का, असा प्रश्न निघतो. 'आपणच' असं उत्तर येतं. थोडं रडणं, थोडा संताप, की लगेच पुढचं काम.

शेवटी आयर्न मॅनही प्राण देतो. त्याला मात्र रीतसर निरोप. पाण्यावर सोडलेलं फुलांचं चक्र आणि मागे ओळीने उभे सगळे वीर. नताशाच्या वाट्याला त्या प्रसंगात क्लिंट आणि वांडाची दोन वाक्यं. त्याआधीच्या लढाईत सगळ्या स्त्री-वीर एका चौकटीत येतात, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. पण त्या चौकटीत पहिली अ‍ॅव्हेंजर बाईच नसते.

लेकाला हे पटलं नाही. "अगं आई, ती मधेच मरते. तिथे निरोप दाखवत बसले असते तर सिनेमा थांबला असता. आणि आयर्न मॅनपासूनच तर सगळं सुरू झालं ना!" त्याचं अगदीच चुकीचं नाही. २०२१मध्ये तिच्या नावाचा वेगळा सिनेमाही आला, त्यात शेवटी तिची बहीण तिच्या थडग्याशी उभी दिसते. पण बाईसाठी काम थांबवायला वेळ नसतो, हे वाक्य मी सिनेमाबाहेर फार वेळा ऐकलं आहे. एकदा तर मीच बोलले आहे.

माझी आत्या. लग्न केलं नाही तिने. शिवणयंत्रावर दोन भावांची शिक्षणं केली, त्यातले एक माझे वडील. प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक आजारपणाला आत्याला बोलावणं जायचं, कारण 'तिच्यामागे कोण आहे?' वडील गेले तेव्हा पेपरात फोटोसह श्रद्धांजली दिली, तेराव्याला मांडव घातला. तीन वर्षांनी आत्या गेली. काकांनी विचारलं, "पेपरात द्यायचं का?" मी म्हटलं, "कशाला? तिच्यामागे कोण आहे?"

बचतगटात एकट्या बायकांच्या हक्कांवर मी दर महिन्याला बोलते. त्यातल्या किती माझ्याच घराला लागू होतं, हे कळायला मला अमेरिकेतला सिनेमा लागला.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोटो शोधायला बसले. एकटीचा एकही मिळाला नाही. प्रत्येक ग्रुप फोटोत ती कडेला, हातात ताट नाहीतर कुणाचं तरी मूल. शेवटी माझ्या लग्नातला एक फोटो घेऊन स्टुडिओत गेले. त्यातून तेवढी आत्या कापून मोठी करून द्या म्हटलं. फोटोवाल्याने विचारलं, "खाली जन्म-मृत्यूची तारीख टाकायची ना?"

वडिलांची जन्मतारीख मला पाठ आहे. आत्याची माहीत नव्हती. काकांना फोन लावला. ज्यांची फी तिने भरली, त्यांनाही सांगता येईना.

फोटो आता वडिलांशेजारी लागला आहे, जन्मतारखेशिवाय. तुमच्या घरात अशी एखादी आत्या, मावशी असेल, तर आज तिच्याशेजारी दोन मिनिटं बसा आणि तेवढी तारीख विचारून घ्या. आणि हो, फोटो काढताना तिच्या हातातलं ताट आधी काढून घ्या.