विस्मृतीत गेलेला मुंबईचा बँड परदेशात सापडतो, तेव्हा फायदा कुणाचा?

भोसरीत घर आवरताना माळ्यावर जुनी रेकॉर्ड सापडली, तर ती लगेच भंगारवाल्याला देऊ नका. त्याआधी मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची गोष्ट वाचा.

बँड कोणता?
१९७० च्या दशकात हा बँड सायकेडेलिक रॉक वाजवायचा. मधुकर धस त्याचे गायक. त्यांचा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बम बाजारात आला १९८१ मध्ये, बँड फुटल्यानंतर. सिनेसंगीताच्या बाजारात तो हरवला.

मग सापडला कसा?
जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्या संग्राहकांमुळे. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने अल्बम पुन्हा काढला. मुंबईच्याच चरणजित सिंग यांची १९८२ ची रेकॉर्डही २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली. उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रम मिळाले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

पैसा कुणाला?
भारतीय कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि तो सहसा निर्मात्याकडे असतो, वादकांकडे नाही. १९८१ च्या रेकॉर्डला २०४१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. पण वादकाला वाटा मागायचा तर करार हवा, निदान कव्हरवर नाव तरी हवं. ते कव्हरच रद्दीत गेलं तर?

तुम्ही काय कराल?
रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचे आणि कव्हरचे फोटो काढा. घरात कुणी वाजवत असेल, तर बँडमधल्या सगळ्यांची नावं आजच विचारून लिहून ठेवा.