घोडा फितूर होत नाही

श्रावणातील या पानावर इटलीतील एका घोडशर्यतीची हकीकत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु सिएना नगरीची ही शर्यत पैजा लावणाऱ्यांसाठी भरविली जात नाही. ती देवकार्य म्हणून धावली जाते. वर्षातून दोनदा, २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशी, मेरीमातेच्या उत्सवानिमित्त. दुसरी शर्यत मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतरच्या दिवशी येते आणि बहुतेक वर्षी ती आमच्या श्रावणातच पडते. तिचे नाव पालिओ. या देवकार्यात जितकी कारस्थाने शिजतात तितकी एखाद्या राजदरबारातही शिजत नसतील, हाच आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

सिएना सतरा पेठांत विभागलेली आहे आणि त्यांच्या सीमा १७२९ साली ठरल्या त्या आजही पाळल्या जातात. प्रत्येक पेठेचे स्वतंत्र देवालय, स्वतंत्र ध्वज, स्वतंत्र चिन्ह. कुणाचे कासव, कुणाची गोगलगाय, कुणाचे साळिंदर. मुलाचा बाप्तिस्मा चर्चमध्ये होतोच, परंतु पेठेच्या कारंज्यावरही त्याला पाण्याने न्हाणून पेठेचे करून घेतात. पतिपत्नी दोन वैरी पेठांची असली तर उत्सवाच्या दिवसांत कित्येक घरांतील गृहिणी सरळ माहेरच्या पेठेत मुक्कामास जाते. वैर म्हणजे किती पिढ्यांचे असावे? तोर्रे, म्हणजे मनोऱ्याच्या पेठेच्या ध्वजावर पाठीवर मनोरा वाहणारा हत्ती आहे. तिची वैरीण ओका, म्हणजे हंसाची पेठ. ओकाच्या पदरी सर्वांहून अधिक विजय; आणि तोर्रे १९६१ साली जिंकली ती त्यानंतर थेट २००५ साली. मधली चव्वेचाळीस वर्षे त्या पेठेने हंसाचे विजय डोळ्यांनी पाहिले. आपण जिंकावे हा तेथील पहिला नवस. वैऱ्याने जिंकू नये हा दुसरा, आणि तो पहिल्याहून फारसा उणा नव्हे.

कारस्थानांचा उगम येथेच आहे. एका शर्यतीत दहाच पेठा धावतात. सात पेठा गेल्या वर्षी त्याच शर्यतीत न धावल्याने हक्काने येतात, उरलेल्या तीन चिठ्ठ्यांनी. स्वार बहुधा बाहेरगावचा, पैसे देऊन आणलेला. सार्डिनिया बेटावरील स्वार त्यात पुष्कळ. पेठेचा नायक व त्याचे साहाय्यक रात्रीरात्री गुप्त बैठका घेतात, करार करतात, रकमा ठरवितात: अमक्याने वाट द्यावी, तमक्याने वैऱ्याची वाट अडवावी. हे सारे गावाला ठाऊक असते. आपलाच स्वार विकला जाईल या भयाने पेठेची माणसे त्याच्याभोवती दिवसरात्र पहारा ठेवतात.

शर्यत सुरू होते तो क्षण तर कारस्थानाचा कळस. नऊ घोडे दोन दोरखंडांच्या मध्ये उभे राहतात. दहावा मागून धावत येतो तेव्हाच पुढची दोरी खाली पडते. तो केव्हा यावा, हे त्याच्या स्वाराच्या मर्जीवर. मग पुढचे नऊजण जागांसाठी एकमेकांस ढकलत असतात, आणि दहावा आपल्या पेठेच्या वैऱ्याची जागा बिघडेपर्यंत शांतपणे थांबतो. पुष्कळदा हा खोळंबा फार लांबतो. शर्यत मात्र दीड मिनिटाच्या आतबाहेर आटोपते: शिंपल्याच्या आकाराच्या चौकाला तीन फेऱ्या, तीही खोगिराशिवाय.

या साऱ्या बाजारात एकच जीव विकत घेता येत नाही, तो म्हणजे घोडा. शर्यतीच्या तीन दिवस आधी घोडे चिठ्ठ्या टाकून वाटतात. कितीही धनवान पेठ असो, तिला वाट्याला येईल तोच घोडा घ्यावा लागतो. शर्यतीच्या दिवशी त्याला पेठेच्या देवालयात नेतात आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देऊन विजयी होऊन परत येण्यास सांगतात. घोड्याने देवालयात लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात. गोमयाने अंगण सारविणाऱ्या घरांना याचे हसू येऊ नये. शिवाय नियम असा की स्वार पडला तरी एकटा घोडा प्रथम आला तर विजय त्याचाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सेल्वा पेठेचा रेमोरेक्स हा घोडा असाच स्वाराविना जिंकला. स्वार, नायक, करार सारे मागे राहिले.

याचा अर्थ तेथे सारे सोज्ज्वळ आहे असा नव्हे. अवघड वळणांवर घोडे जायबंदी झाले आहेत, काही प्राणासही मुकले आहेत. पशुवैद्यांची तपासणी व वळणावरील गाद्या ही व्यवस्था आता आहे, तरी मुक्या जनावराने मनुष्याच्या वैराची किंमत मोजावी हे आम्हांस कोणत्याही देवतेच्या नावाने मान्य होणार नाही.

परंतु बक्षिसाकडे पाहावे. मेरीमातेचे चित्र रंगविलेला रेशमी ध्वज, एवढेच. जिंकणाऱ्या पेठेला रोख रक्कम मिळत नाही. उलट केलेल्या करारांची देणी तिलाच चुकवावी लागतात. तरी लोक रडत, गात तो ध्वज घेऊन मातेच्या चर्चमध्ये आभार मानण्यास धावतात. आमच्या गोपाळकाल्यातील थरांची चुरसही जुनी आणि देवाच्या नावाचीच. पण हंडीला लाखांची बक्षिसे लागली, त्यावर पुढाऱ्यांची नावे आली, आणि थरांची उंची व बालगोविंदांचे वय यांचा निवाडा न्यायालयाकडून मागावा लागला. चुरस आमच्याकडे नवी नाही. जिंकल्यावर हाती काय यावे, हा प्रश्न मात्र मंडळांनी यंदा हंडी बांधण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

सिएनात जिंकलेली पेठ पुढे शरद ऋतूत रस्त्यावरच पंगत मांडते. हजारो पाने वाढली जातात. त्या पंगतीत मानाच्या जागी घोडा उभा असतो आणि त्याच्यापुढेही त्याचे ताट मांडलेले असते.