विश्लेषण : ‘एआयसह १२० एफपीएस’ म्हणजे खरे किती? गेमिंग लॅपटॉप घेण्यापूर्वीचा हिशेब

वडखळ नाक्यावरून पेणला जा, अलिबागला जा की नागोठण्याला, इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलाच्या घरात एक चर्चा हमखास असते : लॅपटॉप कोणता? घरच्यांच्या हिशेबात तो अभ्यासासाठी असतो, मुलाच्या हिशेबात अभ्यास आणि गेम दोन्हीसाठी. मग पेण-पनवेलच्या दुकानात किंवा ऑनलाइन सेलच्या पानावर एक तक्ता समोर येतो. जुने कार्ड ४० एफपीएस, नवे कार्ड ‘एआयसह’ १२० एफपीएस. तिप्पट वेग पाहून बजेट वीस हजारांनी वाढते. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकल्यापासून तर हे वीस हजार आणखीच जड झाले आहेत. पण त्या १२० पैकी कार्डाने स्वतः काढलेले किती आणि एआयने भरलेले किती, हे तक्त्यात बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

अपस्केलिंग म्हणजे नेमके काय?

स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, ग्राफिक्स कार्ड गणित करून रंगवते. १०८०पी स्क्रीनवर असे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. हे सगळे पिक्सेल दर फ्रेमला खरोखर रंगवले, तर ते ‘नेटिव्ह’ रिझोल्युशन. अपस्केलिंगमध्ये कार्ड लहान चित्र काढते आणि ते ताणून स्क्रीनभर केले जाते. नुसते ताणले तर ते धूसर दिसते, म्हणून तिथे एआय येते.

पेणच्या गणपती कारखान्यांत साच्यातून निघालेल्या मूर्तीला डोळ्यांची जागा असते, नजर नसते. आखणी करणारा कारागीर ती भरतो. आजवर केलेल्या मूर्तींमुळे कुठे काय असायला हवे, हे त्याच्या हाताला माहीत असते. अपस्केलरचे कामही याच जातीचे. फरक इतकाच, की त्याला ते दर फ्रेमला एक-दोन मिलीसेकंदांत उरकायचे असते. शिवाय तो निव्वळ अंदाजाने भरत नाही. आधीच्या फ्रेममध्ये कोणती वस्तू कुठे होती आणि ती कोणत्या दिशेने सरकली, ही माहिती गेम त्याला पुरवतो. त्या जुन्या फ्रेममधला तपशील उचलून तो नव्या चित्रात बसवतो.

एनव्हिडियाने हे तंत्र, म्हणजे डीएलएसएस, २०१८ मध्ये आणले. पहिली आवृत्ती वाईटच होती. २०१९च्या सुरुवातीला ‘बॅटलफील्ड ५’मध्ये तिचे चित्र इतके धूसर दिसले, की अनेकांनी ती बंद करून ठेवली. मार्च २०२०च्या दुसऱ्या आवृत्तीने चित्र पालटले आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत आतले मॉडेलच बदलले. एएमडीचे एफएसआर २०२१ पासून आहे, पण त्यात खरे एआय आले ते मार्च २०२५च्या एफएसआर ४मध्ये. तेही अधिकृतपणे फक्त आरएक्स ९००० मालिकेच्या कार्डांवर. इंटेलचे एक्सईएसएस २०२२ पासून आहे.

मग नेटिव्हच चांगले ना?

नेटिव्ह म्हणजे शंभर नंबरी सोने, असा समज आहे. तो अर्धाच खरा. आजच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये नेटिव्हवरही कडांचे दातेरे घालवायला टीएए नावाची पद्धत चालते. तीही मागच्या फ्रेममधली माहिती मिसळते आणि चित्र थोडे मऊ करते. म्हणून ४के स्क्रीनवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड कधी कधी नेटिव्हपेक्षा नीट दिसतो. त्यात जादू नाही, टीएए त्याहून कमकुवत असते एवढेच.

खरा प्रश्न स्क्रीनच्या आकड्याचा आहे आणि तो जाहिरातीत कोणी सांगत नाही. क्वालिटी मोडमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही दोनतृतीयांश होतात. म्हणजे ४केवर हा मोड लावला तर कार्ड १४४०पीचे चित्र काढते, त्यात ३७ लाख पिक्सेलचा भरपूर कच्चा माल असतो. तोच मोड १०८०पी लॅपटॉपवर लावला तर कार्ड ७२०पी, म्हणजे फक्त ९.२ लाख पिक्सेल काढते. परफॉर्मन्स मोडमध्ये तर ५.२ लाखच. नाव तेच, पण हातात माल चौपटीने कमी. विजेच्या तारा, जाळीचे कुंपण, पाऊस, झाडांची पाने आणि वेगाने पळणाऱ्या पात्रामागची सावलीसारखी शेपटी, इथे चोरी पकडली जाते. स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत सर्वाधिक वापरले जाणारे रिझोल्युशन आजही १०८०पी आहे. म्हणजे जाहिरात ४केच्या जोरावर होते आणि खरेदी १०८०पीची.

तुलनेचे व्हिडीओ फोनवर पाहून ठरवू नका. साडेसहा इंची पडद्यावर, आधीच दाबलेल्या व्हिडीओत हा फरक दिसणे जवळपास अशक्य आहे. शिवाय फोनवरचे बरेच गेमही पडद्याच्या पूर्ण रिझोल्युशनपेक्षा कमीवर चालतात. बीजीएमआयमध्ये ‘स्मूद’ ग्राफिक्स ठेवून फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’ करणारे हाच सौदा रोज करतात.

१२०चा आकडा येतो कुठून?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अपस्केलिंगमध्ये प्रत्येक फ्रेम कार्डाचीच असते, फक्त लहान काढलेली. फ्रेम जनरेशनमध्ये दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआय नवी फ्रेम घुसवते. २०२५ मध्ये डीएलएसएस ४ने आरटीएक्स ५० मालिकेत दर खऱ्या फ्रेममागे अशा तीनपर्यंत फ्रेम घातल्या. परफॉर्मन्स मोड आणि चौपट फ्रेम जनरेशन एकत्र लावले, तर स्क्रीनवरच्या १६ पिक्सेलपैकी कार्डाने रंगवलेला एकच असतो.

मधली फ्रेम करायची तर पुढची खरी फ्रेम आधी तयार करून रोखून धरावी लागते. त्यामुळे माऊस हलवल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. मूळ वेग ३० एफपीएस असेल तर दोन खऱ्या फ्रेममधले अंतर ३३ मिलीसेकंदांचे असते. मध्ये तीन फ्रेम भरून काउंटर १२० दाखवेल आणि हालचाल डोळ्यांना गुळगुळीत दिसेल, पण तुमच्या क्लिकला गेम ३०च्याच चालीने, किंबहुना किंचित उशिराच, उत्तर देईल. मूळ वेग ६०च्या आसपास असेल तर मात्र हे तंत्र चांगले चालते. थोडक्यात, ज्याच्याकडे आधीच पुरेसा वेग आहे त्याला ते अधिक देते. ज्याला खरी गरज आहे त्याला कमी.

६ जानेवारी २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या (भारतात सुरुवातीची किंमत ५९ हजार रुपये) आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९०ची कामगिरी मिळेल, असे सांगितले. एआयशिवाय हे शक्य नव्हते, हेही त्यांनीच सांगितले. कार्ड बाजारात आल्यावर स्वतंत्र चाचण्यांत फ्रेम जनरेशन बंद करून पाहिले, तेव्हा ५०७० हे ४०९०च्या जवळपासही नव्हते. ते आधीच्या ४०७० सुपरच्या आसपास घुटमळले.

गेम कंपन्या याचा गैरफायदा घेतात का?

काही प्रमाणात होय. ऑक्टोबर २०२३च्या ‘अ‍ॅलन वेक २’ने किमान गरजांतच अपस्केलिंग लिहिले : १०८०पी, ३० एफपीएस, तेही क्वालिटी मोड लावून. त्याच वर्षी ‘रेम्नंट २’च्या निर्मात्यांनी गेम अपस्केलिंग गृहीत धरूनच बनवल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२५च्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने तर शिफारस केलेल्या यंत्रावर १०८०पीला ६० एफपीएस मिळवण्यासाठी फ्रेम जनरेशन धरले. म्हणजे मूळ वेग ६०च्या बराच खाली. जुने कार्ड आणखी दोन वर्षे चालवणारे तंत्र असे हळूहळू नवे कार्ड घ्यायला लावणारे होत आहे, हे माझे मत.

गेम हलका करणे ही मेहनत आहे आणि ती होऊ शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि नंतर पीसीवर. त्या स्विचमध्ये मोबाइलच्या जातीची चिप होती, डीएलएसएस नव्हते. छोट्या चमूला त्या चौकटीत गेम बसवावा लागला. अर्थात ‘राजी’ची दुनिया ‘अ‍ॅलन वेक २’एवढी जड नाही, हेही खरे.

दुकानात काय विचारायचे?

पहिला प्रश्न : अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन दोन्ही बंद असताना किती एफपीएस? दुसरा : कार्ड किती वॉटचे? लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मिळते. नाव एकच, कामगिरीत मोठी तफावत. तिसरा : व्हीरॅम किती? फ्रेम जनरेशनला स्वतःची जादा मेमरी लागते, ८ जीबीवर ती नव्या गेममध्ये कमी पडू शकते. आणि अडथळा प्रोसेसरचा असेल तर अपस्केलिंगने वेग फारसा वाढत नाही. रिझोल्युशन कमी केल्याने कार्डाचे काम हलके होते, प्रोसेसरचे नाही.

आधीच आरटीएक्स २० किंवा ३० मालिकेचे कार्ड असलेल्यांना मात्र डीएलएसएस ४चे सुधारित अपस्केलिंग फुकट मिळते. फक्त फ्रेम जनरेशन नाही. त्याहून जुन्या जीटीएक्स कार्डांवर एफएसआर २ आणि ३ चालतात. १०८०पी स्क्रीनवर क्वालिटी मोडच्या खाली जाऊ नये, नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये फ्रेम जनरेशन बंदच ठेवावे आणि ६० एफपीएसची मर्यादा लावावी. मर्यादा आणि क्वालिटी मोड एकत्र लावले की कार्डावरचा ताण, उष्णता आणि पंख्याचा आवाज तिन्ही उतरतात. पावसाळ्यात लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर आला की कार्डाला मिळणारी वीज तशीही बरीच कमी होते. तेव्हा परफॉर्मन्स मोड आणि ३० एफपीएसची मर्यादा, एवढ्यावर गेम निभतो.